ते १५ टक्के परत द्या

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक, प्लँट हेड आणि इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग (आयई) विभागातले माझे तरुण सहकारी यांस,

स. न. वि. वि.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना पहिल्या परिच्छेदातच कळेल, आणि माझं भांडण कंपनीशी नाही, तुमच्या एका परिपत्रकाशी आहे.

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. सूचना फलकावरच्या कागदाचा. वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे गाडीत बसणाऱ्या वायरींच्या जुडग्याच्या, अंतिम असेंब्लीत १ तारखेपासून तीन बदल: स्टँडर्ड टाइममधला (एका नगाला ठरवून दिलेल्या वेळेतला) रेस्ट अलाउन्स, म्हणजे विश्रांतीसाठी धरलेली जादा वेळ, रद्द, कारण तो ‘नॉन व्हॅल्यू ॲडेड’, लाइनवरची स्टुलं काढून टाकणार, आणि प्रत्येक स्टेशनवर कॅमेरा, ज्यात ३० सेकंदांपेक्षा जास्त काळ हात हलले नाहीत तर ती वेळ ‘आयडल’ धरून इन्सेन्टिव्हमधून वजा. फोटोखाली पाठवणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, “काका, तुमचं घड्याळ बरं होतं. निदान हातात दिसायचं तरी.”

त्या बाई वीस वर्षं त्या लाइनवर आहेत. त्यांच्या कामाची वेळ पहिल्यांदा मोजली ती मी. २००४ साली, डाव्या हातावर स्टडी बोर्ड, त्यावर लावलेलं डेसिमल मिनिटाचं घड्याळ, आणि त्यांच्यापासून सहा फुटांवर तिरकं उभं राहून. त्या शीटखाली ‘अभ्यास करणारा’ या ओळीवर माझी सही आहे. तुम्ही जो आकडा खोडलात तो माझ्या हातचा आहे. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते गुपचूप ईमेलनं न पाठवता सगळ्यांसमोर.

आधी हिशेब मांडतो, कारण आपली भाषा तीच. निव्वळ कामाची वेळ, म्हणजे बेसिक टाइम, ८४ सेकंद. त्यावर १५ टक्के अलाउन्स. स्टँडर्ड टाइम ९६.६ सेकंद. जेवण आणि दोन चहा वजा जाता पाळीत ४३० मिनिटं उरतात. म्हणजे २६७ हार्नेस. तुम्ही अलाउन्स शून्य केलात, आकडा झाला ३०७. एका रात्रीत, एकही पान्हा न बदलता, एकही फिक्स्चर न सुधारता ४० नग वाढले. कोणीतरी प्रेझेंटेशनमध्ये याला ‘उत्पादकता’ म्हटलं असणार. मी त्याला ५६ मिनिटं म्हणतो. १५ टक्के म्हणजे पाळीतली ५६ मिनिटं.

ती मी दया येऊन दिलेली नव्हती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वर्कस्टडीच्या, म्हणजे कामाची पद्धत आणि वेळ मोजण्याच्या शास्त्राच्या, पुस्तकात तक्ता आहे, आपल्या पिढ्यान् पिढ्या त्यावर शिकल्या. स्त्रियांसाठी वैयक्तिक गरजेचे ७ टक्के, मूळ थकव्याचे ४, उभ्यानं काम असेल तर आणखी ४. बेरीज १५. पुरुषांना वैयक्तिक गरजेचे ५ मिळतात. वरचे २ कशासाठी, हे विवाहित माणसांना मी सांगायला नको. (अविवाहितांनी आईला विचारावं.) आपल्या लाइनपासून स्वच्छतागृह किती लांब आहे ते मी पावलांनी मोजलं होतं. पेंट शॉपला वळसा घालून जावं लागतं.

आता जरा मागे जातो. तुमच्या परिपत्रकात ‘सायंटिफिक’ हा शब्द दोनदा आलाय, आणि त्या शब्दाचा जन्मदाखला माझ्यासारख्यानं दाखवायचा नाही तर कोणी?

फ्रेडरिक विन्स्लो टेलर. फिलाडेल्फियातल्या सुखवस्तू घरातला मुलगा, हार्वर्डची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन पॅटर्नमेकरचा (ओतकामाचे लाकडी नमुने करणाऱ्याचा) उमेदवार झालेला. १८७८ मध्ये मिडव्हेल स्टीलमध्ये शिरला तो साध्या मजुराच्या जागेवर, आणि लेथवाल्यांचा गँगबॉस झाल्यावर आपल्याच कालच्या सोबत्यांशी तीन वर्षं भांडत राहिला. ते मुद्दाम कमी काम करतात हे त्याला माहीत होतं, कारण तोही करायचा. का करतात तेही माहीत होतं: जास्त केलं की साहेब पीसरेट, म्हणजे नगामागची मजुरी, उतरवतो. दिवसभर एकाही कामगाराच्या तोंडाकडे वैर दिसल्याशिवाय बघता येऊ नये, हे जिणं भयंकर आहे, असं त्यानंच पुढे लिहून ठेवलंय. त्या भांडणावर उतारा म्हणून त्यानं घड्याळ काढलं. कामाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा मोजायचा, दिवसाचं वाजवी काम किती हे साहेबानंही ठरवायचं नाही आणि कामगारानंही नाही, मोजमापानं ठरवायचं. ही कल्पना मला बाविसाव्या वर्षी फार सुंदर वाटली होती. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटते.

त्याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण बेथलेहेम स्टीलचं, १८९९ सालचं. पिग आयर्नचे, म्हणजे कच्च्या लोखंडाचे, ठोकळे, एकेक ९२ पौंडांचा, म्हणजे जवळपास ४२ किलो, उचलून फळीवरून वॅगनमध्ये टाकायचे. माणूस दिवसाला साडेबारा टन टाकायचा. टेलरनं तो आकडा साडेसत्तेचाळीसवर नेला. एवढं आपल्या प्रत्येक डिप्लोमावाल्याला पाठ असतं. पण ते कसं नेलं ते वाचलंत का? त्या माणसाला धावायला लावून नाही. त्याच्या शेजारी घड्याळ घेतलेला माणूस उभा केला आणि तो सांगायचा: आता उचल, आता चाल, आता बस. टेलरनं काढलेला निष्कर्षच असा की एवढं वजन वाहणारा धडधाकट माणूस दिवसातला ४३ टक्केच वेळ ओझ्याखाली राहू शकतो. उरलेले ५७ टक्के त्याचे हात रिकामे हवेत. नाहीतर स्नायू सावरत नाहीत.

म्हणजे त्या प्रयोगात शास्त्र म्हणावं असं जे काही होतं, ते बसण्याच्या वेळेत होतं. तुम्ही टेलरचं घड्याळ ठेवलंत आणि ‘आता बस’ एवढं खोडलंत.

दुसरं उदाहरण तर आपल्याच लाइनचं म्हणावं असं. सायकलच्या बेअरिंगच्या पोलादी गोळ्या तपासणाऱ्या मुली. साडेदहा तास बसून गोळ्या बोटांवर फिरवायच्या, चरा दिसतो का बघायचं. टेलरच्या पद्धतीनं त्यांची पाळी साडेआठ तासांवर आणली, दर सव्वा तासाला १० मिनिटांची सुट्टी दिली, आणि त्या सुट्टीत जागेवरून उठून फिरा, गप्पा मारा असं बजावून सांगितलं. काम वाढलं, चुका कमी झाल्या, मजुरी ८० ते १०० टक्के वाढली. याची दुसरी बाजूही आहे. १२० जणींचं काम ३५ जणींत भागलं आणि बाकीच्या घरी गेल्या. ज्या उरल्या त्यांना काम करताना बोलता येऊ नये इतकं लांब लांब बसवलं. टेलरची आरती करायला मी बसलेलो नाही.

कारण कामगाराला कमी लेखणं त्याच्यातही होतंच. ठोकळे उचलणारा तो माणूस, पुस्तकात ‘श्मिट’ नावानं येणारा, खरा हेन्री नॉल. त्याच्याबद्दल टेलर लिहितो की या कामाला लायक माणूस बुद्धीनं बैलाच्या जवळचा असतो. आणि त्याच प्रकरणात हेही लिहितो की या गड्यानं जमिनीचा तुकडा घेतला होता आणि कामाच्या आधी सकाळी व सुटल्यावर रात्री तो स्वतःच्या घराच्या भिंती बांधत होता. हे दोन्ही एकाच प्रकरणात लिहिताना त्याचा हात कसा अडखळला नाही, हे मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही. नॉलचं काम जवळजवळ चौपट झालं, मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर. साठ टक्के. पुढे १९७४ मध्ये दोन संशोधकांनी बेथलेहेमचे जुने कागद काढून दाखवलं की टेलरनं ही गोष्ट बरीच रंगवून सांगितली होती.

आणि वॉटरटाउन. बॉस्टनजवळचा सरकारी शस्त्रकारखाना, ऑगस्ट १९११. फाउंड्रीत घड्याळ आलं. एका मोल्डरनं, म्हणजे ओतकामाचे साचे करणाऱ्या कामगारानं, स्वतःवर घड्याळ लावून घ्यायला नकार दिला, त्याला काढलं, बाकीचे मोल्डर बाहेर पडले. संप आठवडाभराचाच, पण टेलरला अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे उभं राहून दिवसचे दिवस उत्तरं द्यावी लागली. १९१५ पासून सरकारी शस्त्रकारखान्यांत स्टॉपवॉच आणि बोनस यांसाठी पैसा खर्च करायला काँग्रेसनं बंदी घातली. ती बंदी १९४९ पर्यंत टिकली.

आमच्या घरात ही गोष्ट पुस्तकाआधी आली. आजोबा लालबागच्या एका गिरणीत साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, होते. १९२८ साली मालकांनी ‘रॅशनलायझेशन’ आणलं: मागवाल्यानं दोनाऐवजी तीन माग बघायचे, सूत कातणाऱ्या साचेवाल्यानं यंत्राच्या एकाऐवजी दोन बाजू. एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या बंद, दीड लाखाच्या आसपास माणूस रस्त्यावर. आजोबा म्हणायचे, “दोन मागांना दोन डोळे पुरायचे. तिसऱ्यासाठी साहेब डोळा देणार होता का?” १९८२ साली, डॉक्टर सामंतांचा संप चालू असताना, मला पिंपरीत वर्कस्टडी असिस्टंटची नोकरी लागली. पेढे दिले. ते हातात धरून आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे आता साहेबाचं घड्याळ तू धरणार.”

धरलं. पुढे पवईच्या ‘निटी’त कोर्सला गेलो. तिथे रेटिंगचा, म्हणजे कामाच्या वेगाला आकडा द्यायचा, सराव घेतला: ५२ पत्ते ०.३७५ मिनिटात वाटले तर वेग १००, तासाला चार मैल चालला तर १००. डोळा तयार करायचा. घड्याळ वेळ सांगतं. माणूस जोर लावून करतोय की रमतगमत, हे बघणाऱ्याच्या डोळ्यानं ठरतं. आमच्या शास्त्रातली सगळ्यांत मऊ जागा हीच. आणि तिथेच मी चुकलो, ते आज सांगून टाकतो.

२००४ च्या त्या अभ्यासात घड्याळावर सरासरी आली ९९ सेकंद. माझ्या डोळ्यानं त्या बाईंचा वेग ९५ होता. तेव्हाचे माझे साहेब म्हणाले, “तू उभा आहेस म्हणून ती हळू करतेय. ८५ लाव.” मी ८५ लावलं. ९९ ला ८५ टक्क्यांनी गुणलं की ८४ येतात, तेच तुमचे ८४ सेकंद. ९५ लावलं असतं तर ९४ आले असते. म्हणजे ती वेळ पहिल्या दिवसापासून दहा सेकंदांनी घट्ट आहे. ती लाइन वीस वर्षं चालली, कारण त्या १५ टक्क्यांत माझी लबाडी मुरून गेली. बायकांनी स्वतःच्या विश्रांतीतून माझी चूक भरून काढली. आता तुम्ही अलाउन्स काढलात, आणि त्या उघड्यावर आल्या. कॅमेऱ्यानंही ८४ सेकंदांत काम होतं असं दाखवलं म्हणता. होतं की. सकाळी सव्वासातला होतं. दुपारी अडीचचं फूटेज लावा.

माझ्या तक्रारी आता सरळ सांगतो.

पहिली स्टुलांची. लाइन उभ्याची आहे, मान्य. दोन स्टेशनांमागे एक स्टूल होतं, हार्नेस जोडायचा बोर्ड पुढे सरकेपर्यंत क्षणभर टेकायला. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४४ नं नेमकं हेच सांगितलं होतं: उभ्यानं काम करावं लागणाऱ्याला कामाच्या ओघात विश्रांतीची जी संधी मिळेल तिचा फायदा घेता यावा म्हणून बसायची सोय हवी. कायद्यांची पुस्तकं बदलली, संहिता आल्या. पाय तेच आहेत. स्टुलं स्क्रॅपयार्डात टाकलीत आणि त्या जागी ‘मुदा हटवा’चं पोस्टर लावलंत (मुदा म्हणजे जपानीत वाया जाणारं ते). ते पोस्टर ज्या टोयोटाकडून घेतलंत, तिथे लाइनवरच्या माणसाला दोरी ओढून लाइन थांबवायचा हक्क असतो. ती दोरी कुठे टांगलीत?

दुसरी तक्रार गुणवत्तेची, आणि ती तुमच्या ग्राहकानंही वाचावी अशी. कनेक्टरमध्ये टर्मिनल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची पिन, बसवायची रीत तीन हालचालींची: ढकल, क्लिक, ओढ. टर्मिनल ढकलायचं, आतलं कुलूप बसल्याचा ‘क्लिक’ ऐकायचा किंवा बोटाला कळू द्यायचा, मग वायर हलकेच मागे ओढून बघायची. लाइनचा आवाज इतका की क्लिक बऱ्याचदा कानाला ऐकूच येत नाही, अंगठ्याला लागतो. म्हणून बायका अंगठ्यावर कापडी टेप गुंडाळतात, पण टोक उघडं ठेवतात. त्या हार्नेसमध्ये या स्टेशनला १४ टर्मिनलं आहेत. ओढायला अर्धा सेकंद धरला तरी ७ सेकंद. वेळ आवळली की पहिल्यांदा काय जातं? ‘ओढ’ जाते. कॅमेऱ्याला ढकलणं दिसतं. वायर नुसती धरली की ओढली, ते दिसत नाही. अर्धवट बसलेलं टर्मिनल तुमच्या टेस्टरवर पास होतं, कारण तिथे स्पर्श झालेला असतो. ते सुटतं पुढे, खड्ड्यात, कोणाची तरी गाडी घाटात असताना.

तिसरी, ‘आयडल’ची. ३० सेकंद हात हलले नाहीत. मटेरियल आलं नाही म्हणून हलले नाहीत, की बोटात पेटका आला म्हणून, की शेजारणीचा बोर्ड अडकला म्हणून? आमच्या स्टडी शीटवर ‘शेरा’ नावाचा रकाना असायचा. ‘वायरची वाट’, ‘क्लिप वाकडी’, ‘सुपरवायझर बोलत होते’. निम्मी सुधारणा त्या रकान्यातून निघायची. टेलरच्याच काळातल्या फ्रँक गिलब्रेथनं गवंड्याच्या वीट बसवण्यातल्या १८ हालचाली ५ वर आणल्या, त्या काय गवंड्याला ओरडून? विटा त्याच्या हाताच्या उंचीवर ठेवणारी परांची केली, म्हणून. तुमच्या कॅमेऱ्याला शेऱ्याचा रकाना नाही.

चौथी पैशाची, ती थोडक्यात. ४० नग वाढले, वाढीव रुपये शून्य. टेलर कितीही वाईट म्हणा, त्यानं साठ टक्के तरी दिले.

आणि हा बदल करण्याआधी लाइनवरच्या एकीलाही विचारलं नाहीत. सूचना फलक शुक्रवारी संध्याकाळी, अंमल सोमवारी.

मागण्या पाच आहेत. अवास्तव एकही नाही.

परिपत्रक मागे घ्या आणि १५ टक्के अलाउन्स आहे तसा परत लावा. स्टुलं परत आणा. जुनी गंजली असतील तर नवी घ्या, टेकायची उंच स्टुलं बाजारात मिळतात. कॅमेऱ्याची नोंद कोणाच्याही वैयक्तिक इन्सेन्टिव्हला किंवा शिस्तीच्या कारवाईला जोडू नका. ती वापरायचीच असेल तर बोर्ड कुठे अडतो ते शोधायला वापरा. त्या स्टेशनचा अभ्यास नव्यानं करा, तिन्ही पाळ्यांत, दुपारचे शेवटचे दोन तास धरून, ‘ओढ’ ही वेगळी हालचाल म्हणून मोजून, आणि लाइनवरच्या दोघी शेजारी उभ्या ठेवून. त्याच अभ्यासाची शीट मराठीत आणि हिंदीत लाइनवर लावा, म्हणजे आपला आकडा कुठून आला ते ज्याचं त्याला वाचता येईल. शेवटची: नव्या अभ्यासात खरोखर पद्धत सुधारून नग वाढले, तर त्यातला वाटा त्या महिन्याच्या पगारात दिसू द्या.

आयई विभागातल्या मुलांनो, तुम्हाला दोन शब्द वेगळे. तुमच्यातले तिघं माझ्या हाताखाली ट्रेनी होते. वरून ‘८५ लाव’ सांगणारा तुम्हालाही भेटला असेल, आता तो सॉफ्टवेअरच्या रूपानं भेटतो एवढाच फरक. मी तेव्हा नाही म्हणू शकलो नाही. घराचा हप्ता चालू होता. तुमचेही चालू असतील, त्यामुळे तुम्हाला उपदेश करायचा अधिकार मला नाही. पण रात्रपाळीत दोन वाजता एकदा त्या लाइनवर जा, आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनसमोर नाही, सहा फुटांवर तिरके उभे राहा.

नवा अभ्यास घ्यायचं ठरवलंत तर मी यायला तयार आहे. मानधन नको. गेटपास तेवढा लागेल.

आपला,
एक निवृत्त वर्कस्टडी अधिकारी

ता. क. २००४ च्या मूळ शीट आयई विभागाच्या राखाडी कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात, हिरव्या फायलीत आहेत. रेटिंगच्या रकान्यात ९५ खोडून ८५ केलेलं दिसेल. अक्षर माझंच आहे.